भुकेच्या दिवसाचे अन्नदान



दिव्य कुरआनच्या नव्वदाव्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह अल-बलदमध्ये, अल्लाहने एका अवघड घाटाचा उल्लेख केला आहे. मनुष्य सपाटीवर सुखाने चालतो, पण हा घाट चढायला तो धजत नाही. तो घाट कोणता, याचा खुलासाही तिथेच आहे. गुलामाची मान मोकळी करणे, किंवा भुकेच्या दिवशी अन्न देणे. नात्यातील अनाथाला, अथवा धुळीला मिळालेल्या मिस्कीनाला. या आयतींवर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. त्यांतील एका शब्दाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. 'अन्न द्या' एवढ्यावर आयत थांबलेली नाही. ते कोणत्या दिवशी द्यायचे, हेही तिने सांगितले आहे. देणाऱ्याच्या सवडीचा दिवस तिथे अभिप्रेत नाही, घेणाऱ्याच्या भुकेचा दिवस अभिप्रेत आहे.

आपल्या मराठीनेही ही गोष्ट एका शब्दात साठवून ठेवली आहे. 'दुष्काळ' हा शब्द फोडून पाहा. त्यात ना धान्य आहे, ना पाऊस. आहे तो फक्त काळ, वाईट काळ. अन्न जगात कुठेतरी असतेच. ते त्या काळात त्या घरी नसते.

या विषयाला निमित्त झाले ते एका प्रश्नाचे. काही महिन्यांपूर्वी जुम्अच्या नमाजनंतर एक तरुण थांबला. त्याचा मामेभाऊ आफ्रिकेतील मलावी देशात, मंगोची नावाच्या गावी, एका दुकानात हिशेबनीस आहे. त्या दुकानाच्या राखणदाराची बहीण विधवा. पदरी तीन मुले आणि वृद्ध आई. "मौलाना, त्या घराला काही महिन्यांचे धान्य भरून द्यायचे आहे. जकातीतून चालेल का? आणि आपल्याच मोहल्ल्यात गरीब असताना एवढ्या लांब द्यावे का?" दोन्ही प्रश्न रास्त होते. उत्तर द्यायला मी आठवडाभराची मुदत मागितली, कारण मसला किताबात सापडतो, पण ज्या घराविषयी तो विचारला आहे ते घर समजून घेतल्याशिवाय उत्तर अपुरे राहते.

मलावी हा आग्नेय आफ्रिकेतील समुद्रकिनारा नसलेला, पण एका विशाल सरोवराच्या काठाने लांबवर पसरलेला देश आहे. त्या सरोवराच्या दक्षिण टोकाला मंगोची जिल्हा आहे. इथे याओ जमातीची वस्ती असून ती बहुतांश मुस्लिम आहे. झांजीबार-किल्वाच्या किनाऱ्याशी चालणाऱ्या व्यापाराच्या वाटेने एकोणिसाव्या शतकात इस्लाम तिथवर पोहोचला. त्या व्यापारात हस्तिदंताबरोबर गुलामही विकले जात होते, हे दडवण्याचे कारण नाही. ज्या सूरहचा उल्लेख वर केला, तिने गुलामाची मान मोकळी करण्याला पहिले स्थान दिले आहे, हे त्या व्यापाऱ्यांना ठाऊक असायला हवे होते.

तिथले मुख्य अन्न मका. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, ज्याला ते 'न्सिमा' म्हणतात, आणि सोबत पालेभाजी, शेंगदाणे किंवा सरोवरातील 'उसिपा' नावाची सुकवलेली बारीक मासळी. ज्या दिवशी न्सिमा नाही, त्या दिवशी दुसरे काहीही खाल्ले तरी 'जेवलो' असे कुणी म्हणत नाही. कोकणातल्या माणसाला भाताविषयी जे वाटते तेच. बहुतेक शेती पावसावरची. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरणी, एप्रिल-मेमध्ये कापणी, आणि वर्षाचे एकच पीक. छोट्या शेतकऱ्याच्या घरातील कणगी डिसेंबरपर्यंत रिकामी होते. तिथून मार्चअखेरपर्यंतचे महिने भुकेचे. चिचेवा भाषेत भुकेला आणि दुष्काळाला एकच शब्द आहे, 'न्जाला'.

आता या महिन्यांत घरात काय घडते ते लक्षपूर्वक वाचा, कारण साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे. घरात पीठ नाही, म्हणून ती विधवा सकाळी दुसऱ्याच्या शेतावर खुरपणीला जाते. या मजुरीला तिकडे 'गान्यू' म्हणतात. मोबदल्यात कधी थोडे पैसे, कधी पाटीभर मका. पण डिसेंबर-जानेवारी हेच तिच्या स्वतःच्या शेतातल्या खुरपणीचे दिवस आहेत. दुसऱ्याचे शेत स्वच्छ होते आणि तिचे तणात बुडते. एप्रिलमध्ये तिच्या पदरात अर्धेमुर्धे पीक पडते, ते ऑक्टोबरातच संपते, आणि पुढच्या वर्षी भूक दोन महिने आधी दाराशी येते. मजुरी पुरली नाही तर सावकार आहेच. त्या सावकारीला तिकडे 'काटापिला' असे नाव आहे. जानेवारीत एक पोते घ्यावे आणि सुगीत दोन फेडावीत, इथवर तिची मजल जाते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी खेड्यांत सवाई-दिढीने धान्य दिले जाई. हा त्याचाच थोरला भाऊ. रिबाला अल्लाहने हराम का ठरवले, याचा पुरावा हवा असेल तर फेब्रुवारीतल्या अशा एखाद्या घरात तो मिळेल.

म्हणून जानेवारीत त्या घरी पोहोचलेले पन्नास किलोंचे एक पोते म्हणजे फक्त महिन्याचे जेवण नव्हे. ते त्या बाईचे दोन हात दुसऱ्याच्या बांधावरून तिच्या स्वतःच्या शेतात परत आणते. तेच पोते मे महिन्यात पोहोचले तर? तेव्हा तिच्या घरीही मका असतो, बाजारातही असतो. ते वाया जाणार नाही हे खरे, पण खुरपणीचे दिवस तोवर निघून गेलेले असतात.

इथे आपल्या एका सवयीविषयी बोलणे भाग आहे. आपला बहुतेक सदका आणि जकात रमजानमध्ये निघते. त्या महिन्यातील सत्कर्माचे पुण्य अनेकपटींनी वाढते, याबद्दल वाद नाही. परंतु रमजान चांद्रवर्षानुसार फिरतो आणि मक्याचे पीक सूर्याच्या हिशोबाने येते. २०१६ साली रमजान जूनमध्ये होता. मलावीच्या कणग्या तेव्हा नुकत्याच भरलेल्या होत्या. २०२७ साली तो फेब्रुवारीत सुरू होईल, म्हणजे ऐन भुकेत. दरवर्षी असा योग येणार नाही. फुकहांनी यावर वाट दाखवून ठेवली आहे. निसाबाएवढी संपत्ती ज्याच्याकडे आहे, त्याने वर्ष पूर्ण होण्याआधी जकात दिली तरी ती अदा होते. हनफी आणि शाफई, दोन्ही मसलकांत हे मान्य आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांना अशी आगाऊ जकात देण्याची अनुमती मिळाल्याचे हदीसमध्ये आले आहे.

आता त्या तरुणाचा पहिला प्रश्न. हनफी मसलकानुसार जकात अदा होण्यासाठी घेणाऱ्याला वस्तूचा मालक बनवावे लागते. जकातीच्या पैशातून मका विकत घेऊन पोते त्या बाईच्या स्वाधीन केले, तर जकात अदा झाली; पुढे तिने ते शिजवावे, विकावे की शेजारणीला द्यावे, हा तिचा अधिकार. त्याच पैशात मोठी देग चढवून पन्नास जणांना पंगतीला बसवले तर ते सत्कर्म आहे, पण जकात नव्हे, कारण पंगतीत माणूस खातो, मालक होत नाही. वाहतुकीचा खर्च जकातीच्या हिशोबात धरू नये, तो वेगळा सोसावा. शाफई मसलकाचे प्रसिद्ध मत अधिक कडक आहे: रोख रकमेची जकात रोखीतच द्यावी, आणि आपल्या गावात हकदार असताना ती बाहेर नेऊ नये. आपले कोकणी बांधव बहुतांश शाफई आहेत. त्यांनी अशा घरासाठी नफिल सदका काढावा. त्याला यांपैकी कोणतेही बंधन नाही. शंका असेल तिथे आपल्या गावच्या मुफ्तीसाहेबांना विचारावे, मासिकातला लेख फतव्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. जवळचा सोडून लांबच्याला का? हनफी फुकहांनीही जकात दुसऱ्या गावी पाठवणे सर्वसाधारणपणे मकरूह मानले आहे. तिथे नातलग असतील किंवा अधिक गरजू असतील तर मात्र कराहत उरत नाही. हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठवताना प्रेषितांनी (स.) दिलेली शिकवण, की तिथल्या धनवंतांकडून घ्यावे आणि तिथल्याच गरिबांना परत करावे, हा या मताचा आधार. तेव्हा ज्याच्या शेजारी चूल थंड आहे आणि जो आफ्रिकेच्या गप्पा मारतो, त्याने आधी शेजाऱ्याचे दार ठोठवावे. पण सूरह अल-बलदकडे पुन्हा पाहा. तिथे अनाथाचा उल्लेख करताना नात्याची खूण सांगितली आहे. मिस्कीनाच्या बाबतीत नाते नाही, गाव नाही, वंश नाही. त्याच्या अंगावरची धूळ एवढीच त्याची ओळख.

आणि ती बाई आपल्यापासून वाटते तितकी लांबही नाही. मलावीच्या दक्षिण भागात मक्याच्या ओळींमध्ये तूर लावतात. 'नांदोलो' असे तिचे नाव. ही तूर व्यापाऱ्यांमार्फत मोठ्या प्रमाणावर भारतात येते. २०२१ मध्ये भारताने मलावीकडून दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा करार केला. आपल्या घरच्या वरणात तिच्या जिल्ह्यातले दाणे असू शकतात. २०१६-१७ च्या हंगामात आपल्याकडे तुरीचे उदंड पीक आले. मराठवाड्यातील वाचकांना ५०५० रुपयांचा हमीभाव आणि खरेदी केंद्रांपुढच्या ट्रॅक्टरांच्या रांगा आठवत असतील. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. आपला शेतकरी संकटात होता, निर्णयामागे कारण होते. पण त्याच निर्णयाने तिकडच्या तुरीचा भाव कोसळला, आणि ज्या पैशावर भुकेच्या महिन्यांत मका विकत घ्यायचा तो पैसा अनेक घरांत आलाच नाही. यात कुणाला गुन्हेगार ठरवायचे नाही. लातूरचा शेतकरी आणि मलावीचा शेतकरी एकाच बाजाराच्या दोन टोकांना उभे आहेत, एवढे तरी आपल्याला माहीत असावे.

इतिहासातील ऋणही मोठे आहे. मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा इ.स. ६१५ च्या सुमारास मुस्लिमांच्या पहिल्या तुकडीला आसरा दिला तो आफ्रिकेतील हबशाच्या नजाशीने, जो त्यावेळी ख्रिस्ती होता. पुढे हिजरी १८ मध्ये, 'राखेचे वर्ष' म्हणून जे ओळखले जाते त्या वर्षी, मदीना आणि परिसर दुष्काळाने होरपळला. हजरत उमर (रजि.) यांनी इजिप्तमध्ये असलेल्या हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्याकडे तातडीने अन्न मागवले आणि तिथून धान्य आले, असे परंपरेने सांगितले जाते. इजिप्त म्हणजे आफ्रिकाच. लोकांना तूप मिळत नाही तोवर आपणही खाणार नाही, असे ठरवून हजरत उमर (रजि.) तेलावर राहिले आणि त्यांचा वर्ण काळवंडला, असे इतिहासकार नोंदवतात. मदीनेच्या भुकेला आफ्रिकेच्या धान्याने एकदा आधार दिलेला आहे. तेव्हा आज आपण उलट दिशेने एक पोते पाठवले तर त्याला उपकार म्हणण्याचे धाडस कुणी करू नये.

आता खरेदीविषयी. इथून तांदूळ, खजूर, कपडे यांची खोकी पाठवण्याचा मोह टाळावा. पोत्याच्या किमतीपेक्षा भाडे अधिक होते. रक्कम कायद्याच्या मार्गाने, बँकेतून जावी आणि धान्य तिथल्याच बाजारात घ्यावे. तिथला छोटा दुकानदारही पोटासाठीच बसलेला असतो. घ्यावा तो पांढरा मका. तिकडे पिवळ्या मक्याला लोक नाक मुरडतात, मदतीत आलेले धान्य अशी त्याची ओळख होऊन बसली आहे. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. भुकेल्याला चव कशाला हवी, असे ज्याला वाटते त्याने सूरह अल-माइदामधील शपथेच्या कफ्फाऱ्याची आयत पाहावी. तिथे दहा मिस्कीनांना जेऊ घालण्याचे माप दिले आहे ते आपल्या स्वतःच्या घरी आपण जे देतो त्यातील मध्यम दर्जाचे. उरलेसुरले नव्हे, कोंडाही नव्हे. टंचाईत तिकडची गरीब घरे खरोखरच मक्याच्या कोंड्यावर आणि कच्च्या आंब्यांवर दिवस काढतात.

पीठ न घेता अख्खा मका घ्यावा. पीठ लवकर खराब होते, आणि बारीक पांढरे पीठ करायचे की कोंड्यासकट दळायचे हे घरातल्या बाईने ठरवावे. कोंड्यासकट दळले तर पोते जास्त दिवस पुरते आणि अंगीही अधिक लागते. पण हा उपदेश पोत्याबरोबर पाठवण्याची गरज नाही. दळणाचे पैसे मात्र जरूर पाठवावेत. गावच्या गिरणीला, त्यांच्या 'चिगायो'ला, पैसे द्यायला नसल्याने मका घरात असून चूल पेटत नाही, असे होऊ नये. पाच माणसांच्या घराला महिन्याला पन्नास किलो मका, म्हणजे दरडोई रोज सुमारे ३३० ग्रॅम. सोबत दहा किलो तूर किंवा घेवडा, तेल, मीठ, थोडी उसिपा. डिसेंबर ते मार्च अशी चार पोती झाली. सुगीनंतर मका स्वस्त असतो आणि अनेक वर्षी फेब्रुवारीपर्यंत भाव दुपटीवर जातो. म्हणून सदक्याची रक्कम असेल तर जून-जुलैतच खरेदी करून विश्वासू माणसाकडे कोरड्या जागी ठेवणे शहाणपणाचे. महागाईची वाट पाहत धान्य दडवणाऱ्यास प्रेषितांनी (स.) पापी म्हटले आहे, भुकेल्याच्या नावाने राखून ठेवणे हा त्याच्या अगदी उलट व्यवहार होय. हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत हेच केले होते. २००१-०२ मध्ये मलावीत भीषण उपासमार झाली, तेव्हा देशाचा राखीव धान्यसाठा आधीच विकला गेलेला होता. जकातीच्या रकमेबाबत मात्र ध्यानात ठेवा, पोते कोठारात आहे तोवर जकात अदा झालेली नाही. ती त्या बाईच्या हाती पडली की अदा होते.

ते पोते तिच्याच हाती पडेल याची खात्री कशी? हजरत उमर (रजि.) यांनी पाण्यात दगड उकळत मुलांची समजूत काढणाऱ्या त्या स्त्रीकडे पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवरून नेले. सेवकाने ओझे मागितले तेव्हा कियामतच्या दिवशीही तू माझे ओझे उचलशील का, असा त्यांचा आशय होता. पीठ देऊन ते परतले नाहीत. त्यांनी चूल फुंकली, अन्न शिजवले आणि मुले हसू लागेपर्यंत तिथे बसून राहिले. आपल्याला तिथे जाता येणार नाही. पण ज्याच्यावर काम सोपवले त्याने दुकानातून पोते उचलून गावच्या वाटेला लावले की आपली अमानत संपली, असे समजू नये. दुकानदाराची पावती घ्यावी, घरपोच झाल्याचा निरोप त्या बाईच्याच तोंडून यावा. छायाचित्र नको. पोत्याशेजारी उभ्या केलेल्या मुलांचे चेहरे दाखवून देणाऱ्यांना समाधान देण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपला सदका वाया घालवू नका, असे सूरह अल-बकरामध्ये बजावले आहे, आणि छायाचित्र न बोलताही बरेच बोलून दाखवते.

शेजारचे घर ख्रिस्ती असेल तर? मलावीत ख्रिस्ती बहुसंख्य आहेत. मंगोचीच्या खेड्यांतही मशीद आणि चर्च शेजारी असतात, कधी एकाच कुटुंबात दोन्ही धर्मांचे लोक असतात. बहुसंख्य उलमांच्या मते जकात मुस्लिमांसाठी आहे. नफिल सदका कुणालाही देता येतो आणि भुकेल्याला तो द्यावाच. मार्च २०२४ मध्ये पावसाअभावी पिके करपली आणि २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली, तेव्हा मका करपताना शेत कुणाचे हे पाहून करपला नव्हता. अशअरी जमातीची प्रेषितांनी (स.) केलेली प्रशंसा आठवा. अन्न कमी पडले की ते लोक प्रत्येकाकडचे सारे एका कापडात गोळा करत आणि एकाच मापाने वाटून घेत, ते माझे आहेत आणि मी त्यांचा, असे आपण (स.) त्यांच्याविषयी फर्मावले. चार पोत्यांपैकी एखादे त्या बाईने शेजारणीशी वाटून घेतले तर आपल्याला हिशोब विचारण्याचा अधिकार नाही.

त्या तरुणाने शेवटी आणखी एक गोष्ट विचारली होती: हे किती वर्षे करायचे? याचे उत्तर तिच्या शेतात आहे. खुरपणी वेळेवर झाली आणि पावसाने दगा दिला नाही, तर एप्रिलमध्ये तिच्या अंगणात स्वतःचा मका वाळत पडेल. आणि मग तिच्यावरही एक कर्तव्य येते. कापणीच्या दिवशी पिकाचा हक्क अदा करावा, असा सूरह अल-अनआममध्ये आदेश आहे. इमाम शाफई यांच्या मते पाच वसक, म्हणजे आजच्या मापाने साधारण साडेसहाशे किलो पीक झाले की त्यावर उश्र लागू होतो. इमाम अबू हनीफा यांच्या मते त्याहून कमी असले तरी. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा. तो कोणाच्या घरी न्यायचा, हे तिच्या गावात तिला कुणी सांगावे लागणार नाही.